बिबट्याची मान

कप हातातून सुटला हे गोकुळला आवाजावरून कळलं. बोटांनी काहीच सांगितलं नव्हतं.

दीपमाला ओट्यापाशी उभी होती. तिनं खाली वाकून काचा गोळा केल्या आणि वर न बघता म्हणाली, "परवाच एक फोडलात."

"कान गरम होता कपाचा."

"तुम्हीच तर कोमट मागितला होता."

गोकुळ हसला. डावा हात त्यानं मांडीखाली सरकवला आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटली. मिटत होती. पण ती दुसऱ्याच कुणाची असावीत, तशी दुरून मिटत होती.

आदल्या आठवड्यात तो कुणाला न सांगता डॉक्टरकडं जाऊन आला होता. डॉक्टरांनी पडद्यावर त्याच्या मानेचा फोटो दाखवला आणि पेनाचं टोक एका जागी ठेवलं. दोन मणक्यांमधली चकती मागं सरकून मज्जारज्जूला टेकली होती. मानेला एक जोराचा धक्का बसला तर मानेखालचं सगळं बंद पडेल, डॉक्टर म्हणाले. हात, पाय, सगळं. ऑपरेशन लवकर करून घ्या. तोवर जिना जपून उतरा.

गोकुळनं जिना जपून उतरायचं कबूल केलं. जिममध्ये पोरांना व्यायाम शिकवतो, एवढंच त्यानं डॉक्टरांना सांगितलं होतं. जत्रांतला मुखवटेवाला बिबट्या आपणच आहोत, हे बायको सोडून कुणालाही सांगायचं नसतं.

तो कन्नड तालुक्यातला, जंगलाच्या कडेच्या गावचा. वडील पुंजाराम मका आणि आद्रक पिकवायचे आणि पोरगं पहिलवान व्हावं म्हणून घरची म्हैस विकत नसत. गोकुळ चांगला लढायचा. ढाकेचा डाव टाकावा तर त्यानंच. पण त्याचा चेहरा कुणाच्या ध्यानात राहत नसे. कुस्ती मारून तो आखाड्याच्या हौद्यातून बाहेर आला की लोक बाजूच्याला विचारायचे, "लई भारी लढला गडी, कुणाचा म्हणायचा ह्यो?" एकदा त्याच्याच गावच्या जत्रेत पुकारणाऱ्यानं त्याचं नाव चुकवलं आणि गावातल्या एकालाही ते खटकलं नाही. त्या गोष्टीवर गोकुळ हसायचा. दीपमालेला लग्नानंतर त्यानं पहिल्यांदा सांगितली तेव्हाही तो हसत होता, पण मधेच थांबला होता.

पुढं गुडघा गेला. शहरात आला, गारखेड्यात खोली घेतली, जिममध्ये लागला. तिथंच त्याला प्रणयशेठ भेटला. उस्मानपुऱ्यात त्याचा मंडप आणि डीजेचा धंदा होता, आणि मोबाइलवर त्यानं मेक्सिकोचे मुखवटेवाले पहिलवान पाहिले होते. त्या दिवसापासून तसलाच खेळ जत्रांत लावायचा, यापलीकडं त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"तिकडं आयुष्यभर तोंड दाखवत नाहीत," प्रणयशेठ सांगत होता. "मेले तरी मुखवट्यासकट पुरतात."

"आणि जेवतात कसं?" मुनीबनं विचारलं. हा मुनीब वेल्डिंगचं काम करायचा. दांडगा, बोलका, पण डोळ्यांत मुळीच न मावणारा मवाळपणा. त्याला खलनायक करायचं ठरलं होतं.

"तोंडाला भोक असतं रे!"

"मग बिर्याणी चालेल. मी कुठलाही मुखवटा घालतो."

मुखवटा मात्र गोकुळला मिळाला. पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, मागं नाडी बांधायचा. मुनीबच्या भावजयीनं तो शिवला. नाव पडलं बिबट्या. मेक्सिकोचाच एक नियम प्रणयशेठनं जसाच्या तसा उचलला: लोकांसमोर ज्याच्या तोंडावरून मुखवटा उतरला, त्याच्या डोक्यावर तो पुन्हा चढायचा नाही.

पहिल्याच जत्रेत गोकुळ रिंगणात उतरला आणि हलगी वाजायची थांबली. माणसं उभी राहिली. बायांनी लेकरं वर उचलून धरली. मुखवट्याच्या आत गरम होत होतं, घाम डोळ्यांत जात होता, आणि तो आतल्या आत रडत होता. बाहेर कुणालाही दिसलं नाही. त्या दिवसापासून माघ ते वैशाख, जत्रा धरून जत्रा, तो बिबट्या होता.

कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असायचं. पडायचं कसं, ते रोज घटवावं लागायचं. सगळ्यात मोठा डाव म्हणजे खांब. मुनीब त्याला उलटा उचलायचा, डोकं खाली, पाय आभाळाकडं, आणि तसाच धरून धपकन खाली बसायचा. लोकांना वाटायचं डोकं रिंगणाच्या फळीवर आपटलं. खरं तर ते वीतभर वर राहायचं, कारण गोकुळनं दोन्ही हातांनी मुनीबच्या मांड्या गच्च आवळून धरलेल्या असायच्या. पकड सुटली तर वीत उरणार नव्हती. म्हणून उचलण्याआधी मुनीब त्याचा पंजा एकदा दाबायचा. म्हणजे, तयार आहेस? गोकुळनं उलट दाबायचं. म्हणजे, उचल. मुखवट्यामुळं चेहरा दिसत नाही, म्हणून ही चाल. उत्तर आलं नाही तर उचलायचं नाही, ही मुनीबची शपथ होती.

या हंगामात मुनीबचं ते दाबणं गोकुळला कळेनासं झालं.

पण मुनीब कायम एकाच वेळी विचारायचा. गोकुळला रिंगणाच्या कोपऱ्यातल्या खांबाशी आदळून झालं, कानाशी तोंड नेऊन लोकांसाठी एक खोटी डरकाळी फोडली, की लगेच. गोकुळ डरकाळी संपायची वाट बघायचा आणि जमेल तेवढं दाबून टाकायचा. इतकं सोपं होतं.

त्यानं एकदा प्रणयशेठला चाचपून पाहिलं होतं. "ह्या हंगामात जरा सुटी मिळंल का?"

प्रणयशेठ टेबलावरचा मुखवटा उलटा करून वाळत घालत होता. "घे की," तो म्हणाला. "वाळूजचा एक तगडा गडी आहे. परवा घालून बघितला त्यानं. जरा सैल होतो, पण लोकांना काय कळतंय? कुणाचंही डोकं बसतं ह्यात."

गोकुळनं सुटी घेतली नाही.

मग वडिलांचा फोन आला. पुंजारामांना पोरगं जिममध्ये आहे एवढंच ठाऊक. "आरं, ह्या खेपंला आपल्या कन्नडला बिबट्या यायलाय! पोस्टर लागल्यात. तू बी ये, दीपमालेला बी आण. असला गडी जल्मात नाय बघितला मी."

"खोटं असतंय त्ये बाबा. नुरा कुस्ती."

"तुला काय कळतंय? तू लढलास तरी होतास का असला कधी?"

गोकुळनं फोन बंद केला आणि तो तसाच हातात धरून बसला. दीपमाला बघत होती. डॉक्टरांचा कागद तिला त्याच्या खिशात सापडला होता.

"मानेचं आहे ना?" ती म्हणाली.

त्यानं मान हलवली नाही. तीच त्याची कबुली होती.

"कन्नड झालं की बास," तो म्हणाला. "ऑपरेशन करू. आईशपथ."

"आणि कन्नडलाच काही झालं तर?"

खाली भाजीवाला ओरडत गेला. गोकुळ उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

कन्नडच्या आधी वैजापूरला एक जत्रा होती. तिथं खांबाच्या वेळी त्याची पकड निसटली. मुखवट्याचा शेंडा फळीला घासला, इतकंच. मुनीबनं वरच्या वर गुडघे आवळून त्याला झेललं. तंबूत आल्यावर त्यानं विचारलं, "क्या हुआ रे?"

"घाम होता तुझ्या मांडीवर."

मुनीबनं स्वतःच्या मांडीवरून हात फिरवून पाहिला.  परतताना जीपमध्ये रोज बडबडून डोकं उठवणारा माणूस गावं मागं पडताना नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. गोकुळला ते आवडलं नाही.

कन्नडच्या जत्रेचा दिवस पांढऱ्या उन्हाचा होता. दीपमालेनं सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली. त्यानं स्वतः बटणांना हात लावला नाही. मग 'हे मागून येतात' असं सांगून ती सासऱ्यांसोबत पुढं गेली. मैदान दुपारपासून भरत होतं. साखर कारखान्याचे कामगार, शेतकरी, उसाच्या रसाचे गाडे, झाडांवर चढलेली माणसं. ऊन उतरत आलं तेव्हा प्रणयशेठनं माइक घेतला आणि बिबट्याचं नाव पुकारलं. मैदानातून उठलेला आवाज गोकुळला पायांच्या तळव्यांतून ऐकू आला. पाय अजून त्याचे होते.

पहिल्या रांगेत पुंजाराम उभे होते, टोपी हातात घेऊन. "फाड त्याला!" ते ओरडत होते. "सोडू नको रं बिबट्या!" त्यांच्याशेजारी दीपमाला बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

सगळं ठरल्यासारखं झालं. गोकुळनं मुनीबला दोनदा लोळवलं, शड्डू ठोकला, मैदान वेडं झालं. मग मुनीबची पाळी. त्यानं गोकुळला ओढत नेऊन कोपऱ्यातल्या खांबाशी आदळलं. मानेतून एक थंड रेघ पाठीपर्यंत उतरली. मुनीब कानाशी आला. त्यानं डरकाळी फोडली. डरकाळी संपली.

गोकुळनं पंजा दाबला.

मुनीब हलला नाही. त्याचा श्वास गोकुळच्या कानावर थांबला होता. "उचल," गोकुळ मुखवट्याच्या आतून पुटपुटला. "उचल ना बे." लोक ओरडत होते, खांब, खांब, खांब. मुनीबनं त्याच्या कमरेला हात घातला, आणि एक क्षण गोकुळला वाटलं की आता आभाळ खाली येणार. पण मुनीबचा हात कमरेवरून वर आला, मानेमागं गेला, आणि नाडी तुटल्याचा आवाज झाला.

ऊन एकदम चेहऱ्यावर पडलं.

मुनीबच्या हातात पिवळं कापड होतं. मैदान गप्प झालं. इतक्या माणसांनी एकदम गप्प बसणं गोकुळनं कधी ऐकलं नव्हतं. तो उघड्या चेहऱ्यानं उभा होता, स्वतःच्या तालुक्यात, जिथल्या प्रत्येक जत्रेच्या मातीत तो लोळला होता. मग मागून कुणीतरी विचारलं, "कोन रं ह्यो?"

"काय म्हाईत. आपल्याकडचा नाय दिसत."

एक जण हसला, मग बरेच हसले. कुणीतरी उसाचं चिपाड फेकलं. गोकुळला मुनीबला मारायचं होतं. त्यानं हात वर उचलला, पण मूठ होईना. बोटं अर्धी वळून राहिली. त्या हाताकडं पहिल्या रांगेतले दोघंच बघत होते.  पुंजारामांची टोपी कधीची खाली पडली होती आणि ते रिंगणाच्या दोरीखालून आत यायचा प्रयत्न करत होते.

तंबूत गोकुळ खुर्चीवर बसला. प्रणयशेठ मुनीबला शिव्या घालत होता, लोक पैसे परत मागतील, कमिटीवाले जीप अडवतील, अक्कल गहाण ठेवलीस का. मुनीब काही ऐकत नव्हता. तो गोकुळसमोर गुडघ्यांवर बसला होता.

"माझं तोंड काळं केलंस तू," गोकुळ म्हणाला. "ह्या गावात. बापासमोर. नियम ठाऊक होता तुला."

"व्हय. ठाऊक होता म्हणून तर."

"मी दाबलं होतं की! तयार होतो मी!"

"हां, दाबलंस," मुनीब म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मी विचारलंच नव्हतं, गोकुळ. वैजापूरपासून डोक्यात होतं माझ्या. आज मुद्दाम नाही दाबलं मी. आणि तरी तुझं उत्तर आलं."

गोकुळ त्याच्याकडं बघत राहिला. बाहेर गलका चालला होता आणि तंबूचं कापड बाहेरून कुणीतरी चाचपत होतं, आत डोकावायला फट शोधत. दीपमाला आत आली, तिच्यामागं पुंजाराम.  म्हातारा सुनेला म्हणाला, "मोटार बघ एखादी. शहराकडं न्यायला."

ऑपरेशन दोन दिवसांनी झालं. आता यापुढं बिघडणार नाही असं बघू, डॉक्टर म्हणाले. जे गेलंय ते परत येईल का, हे कुणालाच सांगता येत नाही. काहींचं येतं. दीपमालेनं ते नीट ऐकून घेतलं आणि पुंजारामांना फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

मुनीब आला तेव्हा ती डबा धुवायला गेली होती. पलंगाच्या पायथ्याशी तो उभा राहिला. गोकुळला भिंतीकडं तोंड फिरवायचं होतं, पण गळ्याभोवती घट्ट पट्टा होता आणि मान फिरत नव्हती. मग त्याला मुनीबकडंच बघावं लागलं.

"नवा मुखवटा शिवायला टाकलाय," मुनीब म्हणाला. "त्या वाळूजवाल्यासाठी. अक्षय्य तृतीयेला चाळीसगावकडं जत्रा आहे. प्रणयशेठ म्हणतो, त्याला खांब शिकव. मी नाही म्हणून आलो."

"मग कोन शिकवंल?"

"कोणी पण. मला काय."

"कोनी पन म्हणजे कोन?"

 खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिच्यावर भोंगा लावून कसली तरी जाहिरात चालली होती. शब्द इथवर पोचत नव्हते, नुसता आवाज.

"मुखवटा सैल व्हतो त्याला," गोकुळ छताकडं बघत म्हणाला. "मागनं दोन टाके जास्त घालायला सांग भावजयीला. डोळ्यांवर सरकला तर मरंल त्यो." तो थांबला.  "आन् हात दाबून विचारशील ना, तवा एकाच वक्ताला विचारू नगं. मधीच कवाबी विचार. त्याला अंदाज यायला नको."

मुनीबनं पलंगाची कड धरली.

"जा," गोकुळ म्हणाला. "आज सराव असंल त्यांचा."