ठणका थांबला तेव्हा

कानाचा पडदा फाटतो तेव्हा खूप दुखत असेल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण माझा फाटला तेव्हा दुखायचं थांबलं होतं. याचा अर्थ मला अजून नीट लावता येत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

सुट्टीत मी गावी होते. आमचं गाव सांगोल्याच्या पलीकडं, माळावर. घरी मेंढरं आहेत आणि थोडी जिरायत जमीन. सर्दी झाली होती, ती उजव्या कानात उतरली. सकाळपासून असा ठणका लागला की मी गोधडीत डोकं खुपसून बसले. दुपारी आईनं पळीत तेल घेतलं, लसणाच्या पाकळ्या ठेचून टाकल्या आणि चुलीवर कडवलं. निवल्यावर आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितला, मग मला मांडीवर आडवं केलं. तेल आत गेलं. थोड्या वेळानं कानात टप् असं काहीतरी झालं, आईच्या लुगड्यावर ओलं आलं आणि ठणका गेला. हळूहळू नाही, एकदम.

"बघ," आई म्हणाली, "घाण भायेर पडली. आता झोप निवांत."

मी खरंच झोपले. जाग आली तेव्हा ती शेजारच्या काकूला सांगत होती, "दवाखान्यात हेलपाटं घालत बसलो असतो. पळीभर तेलात काम झालं की!"

सोलापुरात कॉलेजला परत आले, तरी कान वाहतच राहिला. मी आणि माझी मैत्रीण शहराच्या पूर्व भागात खोली घेऊन राहतो. खाली घरमालकांचे टॉवेलचे माग आहेत. त्यांचा खडखडाट मला आता खालून येतोय असं वाटेना, डावीकडच्या भिंतीतून आल्यासारखा वाटायचा. रस्त्यात कुणी हाक मारली की मी भलतीकडंच वळायचे. वर्गात सरांचं अर्धं वाक्य पोचायचं, अर्धं मी अंदाजानं लिहायचे. उशीच्या अभ्र्याला वास यायला लागला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "आता दवाखान्यात जातेस, का मी ओढत नेऊ?"

कानाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आत बघितलं आणि विचारलं, "मध्ये कधी दुखणं एकदम थांबलं होतं का?"

"हो, तेल घातल्यावर."

"तेलानं नाही थांबलं. पडद्यामागं पू साठला होता. पडदा फाटला, पुवाला वाट मिळाली, म्हणून थांबलं. भोक पडलंय."

मी मान हलवली. आमच्या घरात डॉक्टरांशी, बँकेत, तहसीलमध्ये बोलायचं काम माझ्याकडं असतं. त्यामुळं कळलं नसलं तरी कळल्यासारखी मान हलवायची सवय मला लागली आहे. बारावीत मी कानाची आकृती सुबक काढायचे, पडद्याला नाव द्यायचे. तो फाटू शकतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

बाईंनी गोळ्या दिल्या, थेंब दिले. गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, नाक जोरात शिंकरायचं नाही, कानात काडी घालायची नाही, तेल अजिबात नाही. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलिन लावून कान बंद करायचा. "कान कोरडा ठेव. बहुतेक वेळा भोक आपोआप बुजतं. नाही बुजलं, तर ऑपरेशनचं बघावं लागेल."

जिना उतरताना माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. कोरडा ठेवायचा, आणि त्यात थेंबही घालायचे? थेंब ओले नाहीत का? मग तेलच का नको? मी अर्ध्यातून परत वर गेले. पण खुर्चीत दुसरा पेशंट बसला होता. तशीच खाली आले.

रात्रभर खिडकीत राहिलेल्या बाटलीतला गार थेंब सकाळी कानात गेला, तशी खोली गरागरा फिरली. मी पलंगाची कड घट्ट धरून बसले. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची असते, हे मला फार्मसीवाल्या दादांनी नंतर सांगितलं.

आईला फोन केला. "आये, पडद्याला भोक पडलंय."

"कशानं गं?"

"सर्दीनं. आत पाणी जाऊ द्यायचं नाही. तेल पण नाही. कान कोरडा ठेवायचा."

ती म्हणाली, "कोरडा व्हय? मग ये की शनवारी. तान्ह्या लेकराचा कान आमी कशानं कोरडा करतो?"

आमच्याकडं बाळाला न्हाऊ घातलं की धुरी देतात. घमेल्यात निखारे, त्यावर ओवा आणि लसणाची टरफलं. त्या शनिवारी आईनं मला तशीच बसवली, डोक्यावर जुन्या लुगड्याचं धडपं टाकलं, कागदाची पुंगळी केली आणि धूर कानाशी आणला. मी मनात हिशेब लावत होते. धूर म्हणजे पाणी नाही. तेलही नाही. बाईंनी धुराचं नाव काढलं नव्हतं. आणि कान खरंच कोरडा वाटला. शनिवार-रविवार दोन्ही दिवस धुरी झाली, थेंबही चालूच होते, आणि वाहायचं थांबलं. कशानं थांबलं ते मला सांगता येईना. आईला मात्र काही शंका नव्हती.

पुन्हा दाखवायला गेले तेव्हा ती माझ्यासोबत आली. बाईंनी आत बघितलं आणि मागं सरकल्या. "हे काळं काय? कानात चूल पेटवली होती का?"

"धुरी दिली की," आई खुशीत म्हणाली. "तुमीच म्हनला न्हवं, कोरडा ठेवा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तू कॉलेजला जातेस ना?"

"तिला नगा बोलू, बाई," आई मधे पडली. "ती शिकती ते दुसरंच कायतरी हाय. ह्ये माजं काम."

बाईंना हसू आलं. बारीक नळीनं काजळी ओढून काढत त्या म्हणाल्या, "धूर नको, मावशी. आत जखम आहे. भोक लहान झालंय, पण बुजलेलं नाही. महिन्यानं परत बघू."

आई उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "बाई, माज्या तेलानं फाटला का पडदा?"

"नाही. तो आतल्या पुवानं फाटला. तेल घातलं नसतं तरी फाटला असता."

"पन दुखायचं तर थांबलं."

"फाटला म्हणून थांबलं."

बाहेर बाकावर बसून ती म्हणाली, "म्हंजे मी 'बघ, घाण भायेर पडली' म्हनले, तवाच फाटला हुता."

"आये, तेलानं नाही झालं. त्या म्हणाल्या की."

"ऐकलं मी. पन मी तुला 'झोप निवांत' म्हनले की गं."

ती खरंच बरी झोप होती, हे तिला सांगावं की नाही, मला कळेना.

खोलीवर आल्यावर तिनं माझं डोकं हुंगलं. "केसाचं काय झालंय बघ." पाणी जाईल या भीतीनं मी केस धुतलेच नव्हते. मी कापसाला व्हॅसलिन लावलं, कान बंद केला, आणि पलंगाच्या कडेला मान टेकवून उताणी झोपले. खाली बादली ठेवली. आई तांब्यानं कपाळाकडून मागं पाणी सोडायला लागली. थोडं सोडायची आणि थांबायची.

"येवढं चालतंय का?"

आजवर तिनं मला न्हाऊ घालताना डोळे मीट, हलू नको, एवढंच सांगितलं होतं. कधी विचारलं नव्हतं. किती पाणी चालतं, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"चालतंय," मी म्हणाले.

"आन ह्या बाजूनं?"

"हळू. हां, असंच."

केस पिळून तिनं पदरानं कानाच्या भोवती टिपलं, कानाला न लावता. मग हात तसाच धरून म्हणाली, "पदर लागला तर चालतंय का, ह्ये बाईस्नी इचारायचं ऱ्हायलंच की."

"मग नको लावू," मी म्हणाले. तिनं पदर मागं घेतला.