चित्रातलं वल्हं

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. खाडीकाठी जन्म गेला, भीती वाटायची ती फक्त चिखलाची. तरी घडलं ते लिहिते. शाळा चौथीपर्यंतच, चुका सांभाळून घ्या.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. आमचं घर सारसोळ्यात. नेरूळच्या नव्या बिल्डिंगींत मी मासळी विकायची. तिथल्या सुमनताई पुण्याकडच्या, मासे खात नसत, पण मला बसवून चहा द्यायच्या. त्यांच्या भिंतीवर कुठल्याशा परदेशी नदीचं चित्र होतं. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे... लांबून मात्र शांत पाणी, झाडं, पुढे पाण्याचे दोन फाटे. हे पोराने रंगवलंय काय, असं मी विचारलं तेव्हा ताई खूप हसल्या होत्या.

एकदा माझा नवरा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी गावातले खाडीच्या तोंडापर्यंत शोधून आले. घरात बायका रडायला बसल्या. मला ते बघवेना, म्हणून ताईंकडे गेले. त्यांनी चहा ठेवला.

आणि चित्राकडे लक्ष गेलं... डाव्या फाट्यात एक उभी रेघ, टोकाला लाल ठिपका. आमच्यात होडी चिखलात रुतली की वल्हं उभं रोवून त्याला फडकं बांधतात — माणूस इथे आहे म्हणून.

"ताई, ह्ये आदी होतं?"

त्या उठून जवळ गेल्या. "नाही हो. काच रोज पुसते मी."

आमच्या खाडीलाही जुन्या मिठागरामागे असाच डावा फाटा आहे. तिकडे कोणी जात नाही. मी धावत जाऊन दिराला सांगितलं.

"वयनी, चित्र बगून मानूस शोदाचा?" तो वैतागला. पण गेला. नवरा तिथेच सापडला — होडी रुतलेली, पाय मोडलेला, वल्ह्याला त्याचा लाल रुमाल.

पाय बरा झाल्यावर त्याला ताईंकडे नेलं. चित्रात रेघ नव्हती. ताई म्हणाल्या, कोणी हातही लावलेला नाही. नवरा चित्राजवळ जाऊन म्हणाला, "मला चिखलातना काडला तं काडला, वल्हा तरी ठेवाचा."

ताई पुण्याला परत गेल्या तेव्हा चित्र मला देऊन गेल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी नवरा आजारी पडला. तो दवाखान्यात होता तेव्हा मी त्या चित्रासमोर बसायची... नुसतं पाणी. तो गेला.

तेव्हा दिसलं ते काय होतं आणि पुन्हा का दिसलं नाही, मला आजही सांगता येत नाही. काच मात्र रोज पुसते.