मामाची पालथी वाटी

मामा गेला त्या सकाळी मी महाडच्या आमच्या घरात बाबांचा डबा भरत होते. फोन मामीच्या नंबरवरून आला, पण बोलला संतोषदादा, मामाचा मुलगा. "बाबा गेले गो," एवढंच म्हणाला. भाताची कापणी चालू होती. मामा चहा घेऊन शेतावर गेला, बांधावर जरा टेकला, तो टेकलाच. आई मागून "काय झालं, काय झालं" करत होती. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी डोक्यात विचार आला तो असा, की माझं तेवढं राहिलं की रे मामा! आदल्याच रविवारी तो मला म्हणाला होता, "दिवाळी जाऊ दे, मग बघू." दिवाळी यायची होती... आणि मामाच गेला. त्याला आता बरेच दिवस झाले, पण त्या "बघू"चा राग माझ्या मनातून पुरता गेलेला नाही. तो लपवून गोड गोड लिहिणं मला जमणार नाही, आणि मामालाही ते आवडलं नसतं.

माझं आजोळ पोलादपूरजवळ, उमरठच्या वरच्या अंगाला. थोडी भातशेती, उतारावर नाचणी, दारात दोन बैल. तरुणपणी मामा काही वर्षं मुंबईत एका उंच इमारतीत लिफ्टमन होता. तिथून तो फार काही घेऊन आला नाही, पण "टेन्शन नाय घ्यायचं", "फुल गॅरंटी" असले शब्द मात्र घेऊन आला आणि ते बैलांशी बोलतानासुद्धा वापरायचा. बारावीनंतर मी पायलटचं शिक्षण घ्यायचं म्हणते आहे, हे कळल्यावर आजोळात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. एकटा मामा दचकला नाही. "मी बी वर-खाली करूनच पोट भरलंय," म्हणाला. "वर जायला अक्कल नाय लागत गो, बरोबर मजल्याला थांबायला लागते." मला वाटलं, चला, मामा तरी आपल्या बाजूचा निघाला. कसलं काय!

हे पायलटचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते महाडला पूर आला तेव्हा. आम्ही सगळे गच्चीवर होतो आणि खाली सावित्रीचं पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं. वर हेलिकॉप्टर आलं, त्यातून खाण्याची पाकिटं पडू लागली. आख्खी आळी त्या पाकिटांकडे बघत होती. मी बघत होते ते चालवणाऱ्याकडे. एवढ्या वाऱ्यापावसात त्या माणसाने ते यंत्र आमच्या पाण्याच्या टाकीवर जागच्या जागी धरून ठेवलं होतं. मला वाटलं, आपल्यालाही हे यायला पाहिजे. पुढे हेलिकॉप्टरऐवजी मोठी प्रवासी विमानं चालवायचं मनाने घेतलं, डॉक्टरी तपासणीत मी पास झाले, हवामानाचा आणि नेव्हिगेशनचा अभ्यास घरीच सुरू केला. खर्चाचं बाबांनी बँकेशी बोलून ठेवलं होतं, राहतं घर तारण ठेवायचीही त्यांची तयारी होती. कारखान्यात पाळ्या करून केस पांढरे झालेला माणूस, पण एकदा हो म्हणाला तो म्हणालाच. अडलं ते आईपाशी. तिने एकच अट घातली. देवीचा कौल घ्यायचा, आणि तो मामाने लावायचा.

आमच्या आजोळी ग्रामदेवी काळकाई. तिच्यापुढे गाऱ्हाणं घालून कौल लावायचा मान मामाच्या घराण्यात. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. फुलाच्या कळ्या पाण्यात भिजवायच्या, देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणू, सोयरीक जोडू का, गाय विकू का, सगळं गाव मामाकडे यायचं. मामा आधी ओटीवर बसवून प्रश्न नीट करून घ्यायचा. "देवीला एका टायमाला एकच विचारायचं," असा त्याचा नियम. आणि कौल एकदा आला की तो मोडायचा नाही, हा दुसरा नियम. यात त्याने कुणाला सूट दिली नाही. संतोषदादाला आखाती देशात नोकरी चालून आली होती, पासपोर्ट हातात होता. मामाने गावासमोर कौल लावला, डावा आला. पासपोर्ट ट्रंकेत गेला आणि दादा आज पोलादपूरच्या स्टँडवर सहा आसनी रिक्षा चालवतो. त्यावर बापलेकांत कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. मुळात त्या दोघांत बोलणंच फार होत नसे.

कळ्या भिजवायची एक पितळी वाटी होती. ती ओटीवरच्या कोनाड्यात असायची. उताणी असली की मामा कौल लावणार, पालथी असली की आज विचारायचं नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. मी गेले की ती वाटी पालथी. पहिल्या वर्षी भावकीत कुणी गेलं होतं म्हणून सुतक. मग शिमगा जाऊ दे. मग लावणी आहे, मग देवीचं देऊळ रंगवायला काढलंय, मग पुन्हा भावकीत कुणाला तरी मूल झालं म्हणून सोयर. आमची भावकी इतकी मोठी, की तिच्यात सुतकही नाही आणि सोयरही नाही असा आठवडा पंचांगात सापडायचा नाही. या घोळात विमान शिकवणाऱ्या संस्थेतली माझी जागा एकदा गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेली. बरोबरीची एक मुलगी शिकून परवाना घेऊन बाहेरसुद्धा पडली, आणि मी महाडला आठवीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत बसले. अंगणातूनच ती पालथी वाटी दिसायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

मामा कौल लावत नव्हता, पण प्रश्न मात्र विचारायचा, आणि ते मलाच. इंजिन बंद पडलं तर? ढगात काही दिसलं नाही तर? बाजूचा माणूस आजारी पडला तर? मी चिडून उत्तरं द्यायचे. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही, घसरत घसरत खाली आणता येतं, हे मी त्याला किमान दहा वेळा सांगितलं असेल. तो मान हलवायचा, तंबाखू मळायचा आणि पुढच्या वेळी तेच विचारायचा. मला वाटायचं, हा माझ्या तोंडून भीती वदवून घेतोय. गेल्या वर्षी मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "मामा, तुला नाही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हण. देवीच्या आड कशाला लपतोस?" मामी चुलीपाशी थबकली. मामा कितीतरी वेळ बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "टेन्शन नाय घ्यायचं गो. बघू." मी जेवले नाही, तशीच संतोषदादाच्या रिक्षात बसून पोलादपूरला आले.

तेराव्याला माणसं पुष्कळ आली होती. पंगती उठल्यावर पाड्यावरचा एक म्हातारा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तू ती इमानवाली ना? इंजिन बंद पडल्याव तू इमान घसरत आनतेस म्हनं." मामाने हे कुणाकुणाला सांगितलं होतं कोण जाणे. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर मी मामीला विचारलं, की मामाने माझा कौल शेवटपर्यंत का लावला नाही? मामी हातातला पदर पिळत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "संतूचं विचारलान तवा डावा आला. देवीचा सबूद, मोडायचा कसा? पोरगा गप ऱ्हायला तो आजून गपच हाय. तुझा बी डावा आला असता तर? म्हनून विचारलानच नाय. विचारलंच नाय तर नाय म्हनायला कोन हाय, असं बोलायचा मला."

"तुला बोलायचा. मला का नाही बोलला?"

"तुला त्यानं कवा 'नाय' म्हटलं का? मग तू कशाला थांबलीस गो?"

आता याला काय म्हणावं! मामाने कधीच नाही म्हटलं नव्हतं, हे खरं. पण आमच्याकडे कौल लावला नाही याचा अर्थ नाही असाच होतो. आईने तोच घेतला, बाबांनी घेतला, मीही घेतला. मामाला वाटलं, विचारलं नाही म्हणजे रस्ता मोकळा ठेवला. आम्हाला वाटलं, विचारलं नाही म्हणजे रस्ता बंद. एवढी माया होती तर एक वाक्य बोलायला काय झालं होतं? देवीपुढे गावाची गाऱ्हाणी घडाघडा घालणाऱ्या माणसाला भाचीपाशी शब्द सापडू नये... मामीच्या त्या बोलण्याने मी रडले, ते दुःखाने की चिडून, माझं मलाच सांगता येणार नाही.

सुतक फिटल्यावर मान संतोषदादाकडे आला. संस्थेत माझी जागा तिसऱ्यांदा लागली होती आणि कळवायची मुदत तोंडावर आली होती. दादाने आम्हाला बोलावून घेतलं. मी आणि आई गेलो तर कोनाड्यातली वाटी खाली ओटीवर, उताणी, पाणी भरलेली आणि त्यात पांढऱ्या कळ्या. "पयलं तुझंच लावतो," दादा म्हणाला. इतकी वर्षं जे बघायला डोळे लागले होते, ते समोर होतं, आणि मी ओटीच्या पायरीवरच थांबले. कारण डोक्यात शंकांचं मोहोळ उठलं होतं. परवाना घेऊन घरी बसलेल्या मुलांच्या बातम्या मीही वाचते. अपघाताची बातमी आली की आई टीव्ही बंद करते, आणि तो परत लावायचा धीर मलाही होत नाही. बाबांचं घर बँकेकडे जाणार. इतके दिवस मामावर चिडता येत होतं, त्या चिडण्यात हे सगळं झाकून गेलं होतं. आता उजवी पडली तर देवीने पाठवलं, डावी पडली तर देवीने अडवलं. माझ्याकडे ठरवायला काहीच राहणार नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, वाटीकडे बघत होता.

"दादा, नको लावूस," मी म्हटलं. "आई, मी जातेय."

आई पदर खोचत म्हणाली, "देवीला नमस्कार तरी करशील, का तेवढ्यालाही वेळ नाय?" महाडला एवढी वर्षं काढूनही चिडली की तिच्या तोंडून आजोळचं "नाय" येतं. देवळात जाऊन नमस्कार केला. दादाने त्या कळ्या नुसत्याच देवीपुढे ठेवल्या, काही न विचारता. परत आल्यावर मी वाटी धुतली, पुसली आणि कोनाड्यात पालथी ठेवली. ती कुणी उताणी करायची नाही, असं मामीने सगळ्यांना बजावलंय. दादा गावासाठी कौल लावतो तो स्टीलच्या वाटीतून.

पुढच्या आठवड्यात मी निघते आहे. काल मामीचा निरोप घ्यायला गेले तेव्हा अंगणातून ती वाटी दिसली, तशीच पालथी. माझा हात धरून मामी म्हणाली, "त्याला लई बरं वाटलं असतं." वाटलं असतं, मला माहीत आहे. पण मामा, हे तू हयात असताना, त्या बैलाच्या मानेवरून हात फिरवता फिरवता, मला एकदा तोंडाने सांगितलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं...