ढॅणढॅण काकांचं गाणं

गल्लीत त्यांना सगळे ढॅणढॅण काका म्हणत. पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यात तांब्याची नवी तार भरायचं त्यांचं दुकान. तार गुंडाळताना तोंडानं 'ढॅण ढॅण ढॅडॅण' चालूच. एका परदेशी रॉक गाण्याच्या सुरुवातीची ती गिटार. समोरचा शिंपी म्हणायचा, "काका, पन्नास वर्षं झाली, आता पुढची ओळ तरी म्हणा!" पुढची ओळ काका म्हणत नसत, कारण त्यातले शब्द काय आहेत ते त्यांना धड कधी कळलेच नव्हते. साठी उलटलेला माणूस आणि हे खूळ! लोक हसायचे. हसेनात का.

त्या गाण्याची कॅसेट घरी कपाटात, सदऱ्यांच्या घडीखाली असायची. रविवारी दार लावून काका ती एकदाच ऐकत. एकटे. बायको होती तेव्हा तिलासुद्धा बाहेर बसवायचे. ती बिचारी म्हणायची, "सवत बरी, ती निदान भांडायला तरी येते."

खरी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. बारा वर्षांचे असताना काकांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते गाणं भरून घेतलं होतं. तेव्हा तसंच करत. घरच्यांनी गप्प बसायचं, भांडंसुद्धा वाजवायचं नाही. पण दुसऱ्या कडव्यानंतर गिटार क्षणभर थांबते ना, नेमकी तिथंच आई आतून ओरडली, "अरे मेल्या, हळू कर ते, पोरगी उठेल!" झालं! सगळं मुसळ केरात. काका रडले, दोन दिवस आईशी बोलले नाहीत. पोरगी म्हणजे त्यांची नऊ महिन्यांची बहीण. त्याच वर्षी आई तापानं गेली. बहिणीला मावशीनं आपल्या गावी नेऊन वाढवलं. आईचा आवाज म्हणून जगात उरलं ते तेवढं एक वाक्य.

आता तुम्ही म्हणाल, मग बहिणीला ते ऐकवायला काय झालं होतं? तिला तर आई आठवतसुद्धा नव्हती. खरंय. पण काकांचा जीवच होत नव्हता. आईचं एवढंच आपल्या वाट्याला आलंय, तेही वाटून टाकायचं? शिवाय फीत जुनी. दुसरीवर उतरवून घ्यायची तर कुणाच्या तरी मशिनीत द्यायला हवी, आणि तिनं फीत गिळली म्हणजे? तोंडं बघत बसायचं. असं करत करत वर्षं गेली. अलीकडे मात्र त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं होतं. आपण चोर आहोत असं वाटायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बहीण सोबत म्हणून येणार होती, तेव्हा त्यांनी ठरवूनच टाकलं: या खेपेला तिला समोर बसवायचं आणि सांगायचं, ऐक, ही आपली आई.

ऑपरेशन झालं. काकांना दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. घरी आल्यावर काळा चष्मा लावूनच ते कपाटापाशी गेले. घडीखाली हात घातला. कॅसेट नव्हती.

"हे शोधतोयस ना?" बहीण मागून म्हणाली. लहान मुलीसारखी खूश होती. "कपडे न्यायला आले तेव्हा सापडली. लावून पाहिली तर नुसती घरघर रे! बाजारात एक जण जुन्या कॅसेट साफ करून देतो, त्याच्याकडे नेली. तो पेनड्राइव्हवर देत होता. मी म्हटलं छे, दादाला त्याची स्वतःचीच कॅसेट लागते. मग त्यानं अस्सल गाणं मिळवून ह्याच फितीवर भरून दिलं. लाव ना!"

काकांनी लावलं. गिटारचा दणका असा स्वच्छ, की खोलीच भरून गेली. पहिलं कडवं. दुसरं कडवं. मग गिटार थांबली. काकांनी श्वास रोखला. तिथं काहीच नव्हतं. गिटार पुन्हा सुरू झाली.

"आवडलं ना?" बहीण म्हणाली. "अरे, मधेच कुणी बाईसुद्धा ओरडत होती त्यात. मी दुकानात ऐकलं. आम्ही दोघं इतके हसलो! कोण रे ती?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. सांगावं, तर ही मरेपर्यंत स्वतःला माफ करायची नाही. आणि हिचा काय दोष? दोष ह्या मेल्या कंजुषाचा, साऱ्या जन्मात एकदा हिला ऐकवलं नाही.

"शेजारीण असेल," ते म्हणाले.

"आवाज गोड होता हं पण तिचा," बहीण म्हणाली, आणि त्यांच्या डोळ्यात घालायचं औषध शोधू लागली.