मोरांचं दार

घर बांधताना मिस्त्रीने विचारलं, ओटा किती उंच ठेवू? मी म्हणाले, तुम्हाला ठीक वाटेल तेवढा ठेवा. पुढचं दार मात्र पस्तीस वर्षांपासून माझ्या डोक्यात तयार होतं. दुधी काच आणि तिच्यात समोरासमोर दोन मोर, हुबेहूब त्या दाराची नक्कल.

ते दार माझ्या शाळेच्या कारकुनाच्या घराचं, इथलंच, हिंगोलीतलं. मी नुकतीच सातवी पास झाले होते. वसतिगृहात जागा मिळत होती, फक्त शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. सुट्टीत शाळेचा शिक्का कारकुनाच्या घरी असायचा, म्हणून दाखल्याला लोक त्याच्याच दारात जायचे. (त्याला अहो-जाहो करायला मी कधी शिकले नाही आणि या वयात शिकणारही नाही.) याडी, म्हणजे माझी आई, मला घेऊन तांड्यावरून सलग तीन दिवस गेली. तिन्ही वेळा आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "हे घरी नाहीत."

काच दुधी होती, पण मोर तेवढे पारदर्शक सोडलेले होते. डाव्या मोराच्या पोटातून तो स्वच्छ दिसायचा. बनियन, पेपर आणि हलणारा पाय. याडीच्या ओढणीवरच्या आरशांचे कवडसे त्याच्या दारावर नाचत होते, तेव्हा बाहेर कोण उभं आहे हे त्यालाही कळत असणारच. त्याने पेपरचं पान उलटलं आणि वाचत राहिला. चौथ्या दिवशी मुदत संपली. ते वर्ष मी लोकांच्या शेतात हळद काढली.

पुढल्या वर्षी दाखला मिळाला, शिकले, आज इथल्याच एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. शिकलेल्या माणसाने मन मोठं ठेवावं म्हणतात. मला ते जमलं नाही.

काचवाल्याला मी सांगितलं, बाहेरचा मला दिसला पाहिजे, मी त्याला दिसायला नको. त्याने मोरांवर आतून आरशासारखी फिल्म चिकटवून दिली. दिवसा बाहेरच्याला काचेत स्वतःचंच तोंड दिसेल, म्हणाला. पण संध्याकाळी आत दिवा लागला की सगळं उलटं होतं, तेव्हा पडदा लावत जा. पडदा मी घेतलाच नाही. माझं काम दिवसाचं होतं.

त्याची नात माझ्याच शाळेत शिकते, हे मला तिच्या प्रवेशाच्या दिवसापासून माहीत होतं. यंदा ती दहावी झाली. तिला बाहेरगावी प्रवेश मिळाला आणि दाखला द्यायची मुदत मंगळवारपर्यंत होती. शाळेला सुट्टी, तिचा भरून ठेवलेला दाखला आणि शिक्का माझ्या पर्समध्ये. शनिवारी सकाळी तो माझ्या दारात आला. वाकलेला, हातात पिशवी. कामाच्या बाईंना मी शिकवून ठेवलंच होतं. त्यांनी आतूनच सांगितलं, मॅडम घरी नाहीत.

मी खुर्चीत बसून मोरातून बघत होते. त्याने काचेत बघून कॉलर नीट केली, विरळ केसांवरून हात फिरवला, काही हरकत नाही, उद्या येतो, असं म्हणाला आणि गेला. त्याला ते खरंच वाटलं होतं. रविवारीही तेच. माझा नुसता जळफळाट झाला. त्याच्या दारातून तो दिसत होता, म्हणून तर आम्हाला लागलं होतं. मी महागाची काच बसवून माझाच सूड झाकून टाकला होता. त्या पोरीचं वर्ष जावं असं मला वाटत नव्हतं म्हणावं, तर खोटं कशाला बोलू? थोडं वाटत होतं.

सोमवारी तो दिवेलागणीला आला. कामाच्या बाई घरी गेलेल्या. बेल वाजली, मी खुर्चीतून हलले नाही. तेवढ्यात आतून याडी आली, ती आता माझ्याकडेच असते. तिन्हीसांजेला घरात अंधार तिला चालत नाही. तिने बटण दाबलं.

तो मला दिसेनासा झाला. म्हणजे मी त्याला दिसायला लागले होते.

बेल थांबली. मी हातातला मोबाइल धरून तशीच बसून राहिले. याडीने दार उघडलं, त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि ओळखलं.

"या. घरीच हाय ती. परवापासून घरीच हाय."

तो आत आला, उभाच राहिला. याडीने त्याला बसवलं, पाण्याचा गिलास हातात दिला. आम्हाला त्या तीन दिवसांत पाणी कुणी विचारलं नव्हतं.

"आमीबी तुमाला असंच बघितलं व्हतं," याडी म्हणाली. "तुमच्या दारच्या मोरातून. तीन दिस. पोरीचं एक वर्स गेलं."

त्याने गिलास तसाच धरला. कधीपासून वाट बघत होते मी या क्षणाची. तो कबूल करेल, निदान मान तरी खाली घालेल, असं धरून चालले होते. त्याने आधी याडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे.

"कधी?" त्याने विचारलं.

तो सोंग करत नव्हता. पोरांची खोटी तोंडं ओळखण्यात माझं आयुष्य गेलंय. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याच्या दारात असे किती जण उभे राहून गेले असतील.

मी पर्स उघडली, दाखल्यावर सही केली, शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात दिला. पोरीला तिचं वर्ष मिळालं. तिन्ही दिवस दार न उघडल्याचं मी त्याला कधीतरी माफ केलंही असतं. विसरल्याचं करणार नाही.