‘पानी’चं पाणी

पावणे गावातल्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासतो. एका दुपारी पन्नाशीच्या एक बाई प्रुफांचा गठ्ठा छातीशी धरून थेट माझ्या टेबलापाशी आल्या. खाडीकाठच्या गावातल्या होत्या. मासळी विकणाऱ्या आपल्या आईबद्दल त्या ब्लॉग लिहायच्या आणि आता त्याचं पुस्तक होत होतं.

“माज्या आयला हे कोनी शिकवलं?” त्यांनी एक पान माझ्यापुढे आपटलं आणि एका ओळीवर बोट दाबून धरलं. ‘पाणी चढत आहे, तू घरी जा.’ तिच्या आईच्या तोंडचं ‘पानी’ मीच ‘पाणी’ केलं होतं.

“पुस्तकात शुद्ध लागतं, ताई,” मी म्हणालो.

“मंग मी लिवलेलं काय घान हाय? आय गेली. तिचा येक फोटोपन नाय माज्याकडं. तिचं बोलनं तेवढं ऱ्हायलंय, ते पन तुमी धुवून टाकलंत!”

माझ्या हातातलं पेन घेऊन त्या तिथेच बसल्या आणि एकेक ‘ण’ खोडू लागल्या. इतकी वर्षं मी लोकांच्या चुका काढत आलो. त्या दिवशी मात्र संताप आला तो माझ्याच शुद्धपणाचा. खणातून दुसरं पेन काढलं आणि उरलेली पानं माझ्याकडे ओढली.