आत्याचं खुराडं

माल पॅक करावा तो मीच. कुर्ल्याच्या गोदामात एवढी वर्षं काचेचे दरवाजे, देव्हारे, काय काय पाठवलं. मला कोंबड्यांच्या खुराड्याचं काय कौतुक! पण हे खुराडं आत्याचं होतं. गावात मुंगसाने तिच्या सात कोंबड्या मारल्या होत्या, चारच उरल्या होत्या. म्हणून मी जोगेश्वरीच्या सुताराकडून दणकट खुराडं करून घेतलं.

कुडाळचा ट्रक आठ दिवसांनी निघणार होता. तोवर ते भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेवलं, म्हणजे लाकूड ओल धरणार नाही. खुराड्याचे पाय सोडवून जाळीला बांधले, कोपऱ्यांना गोणपाट लावलं आणि वर ठळक लिहिलं, ‘यावर काही ठेवू नये’. हमाल हसले. हसोत बापडे.

निघायच्या दिवशी आई विक्रोळीहून ‘सहज बघायला’ आली. मी चहा सांगून परत आलो, तर खुराडं गच्च भरलेलं! दोन लुगडी, स्टीलचा टोप, बिस्किटांचे पुडे, खोबरेल तेल, आणि वर तिची स्वतःची शाल.

“आई, हे खुराडं आहे, ट्रंक नाही!”

“गावाला रिकामं काही जातं का रे आपल्याकडनं?”

“घाटात हे सगळं आदळणार. तळाची जाळी सुटली ना, की मुंगूस आत. मग वाट लागली!”

माझं बरोबरच होतं. सगळं बाहेर काढलं. आईने एकेक वस्तू पुन्हा पिशवीत भरली. शालीची घडी मात्र दोनदा घातली.

चौथ्या दिवशी मी विक्रोळीला आईकडे असताना आत्याचा फोन आला. माझं कौतुक आईने ऐकावं म्हणून मी मुद्दाम स्पीकर लावला.

“खुराडो बरो पोचलो रे! एक खिळोय हलूक नाय. चारय कोंबयो आत निजतत.”

मी आईकडे ऐटीत पाहिलं. ती गवार मोडत होती.

मग आत्याने विचारलं, “सगळो हात घालून बघलंय. वयनीन कायच धाडूक नाय?”

पिशवी समोरच, दारामागच्या खिळ्याला तशीच होती.

आईने गवार बाजूला ठेवली आणि फोन माझ्या हातातून घेतला.

“इसरलंय गो मी,” ती म्हणाली.